चार संघांचे दाजी

दाजी वायंगणकर मोबाइलवर क्रिकेट खेळायला बसत तेव्हा आधी सदरा घालत. एरवी घरात कमरेला पंचा आणि उघडं अंग, त्यावर कधीतरी टॉवेल. पण संध्याकाळी संघ लावायची वेळ झाली की खुंटीवरचा सदरा उतरायचा आणि बटणं गळ्यापर्यंत लागायची. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "अकरा जणांसमोर उघड्या आंगान बसाचा नाय, मास्तर."

हे अकरा जण कुठल्यातरी परदेशी कॉम्प्युटरनं तयार केलेले होते. त्यांना डोळे नव्हते, त्यामुळे दाजींचं अंग दिसण्याची शक्यताही नव्हती. हा मुद्दा दाजींना गैरलागू वाटे. आयुष्यभर त्यांनी अजून न आलेल्या गाड्यांची घोषणा केलेली होती. समोर नसलेल्या गोष्टींशी अदबीनं वागायची त्यांना सवय होती.

दाजी बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोपटात बसून कसालमार्गे जाणाऱ्या सगळ्या गाड्या ते आपल्या आवाजावर सोडत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तो आवाज त्यांच्यात शिल्लक होता. त्यांना दोन भाषा होत्या. घरात, वाडीत, भांडणात मालवणी. नियमाची गोष्ट निघाली की एकदम स्टँडवरची शुद्ध मराठी. बोलता बोलता "होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" असं काही ऐकू आलं की आपण ओळखायचं, आता आपलं काही खरं नाही.

न्यायाबद्दलची त्यांची ख्याती त्या खोपटातूनच सुरू झाली. एकदा काकी, म्हणजे त्यांची बायको, मालवणच्या बाजारातून मासळीची पिशवी घेऊन स्टँडवर धावत येत होती. गाडीची वेळ झालेली. काकीनं लांबून हात केला. दाजींनी तो पाहिला, घड्याळ पाहिलं आणि गाडी सोडली. दुसऱ्या कुणाची बायको असती तर क्षणभर थांबवली असती, असं ते नंतर प्रामाणिकपणे सांगत. स्वतःच्या बायकोसाठी थांबवणं म्हणजे पदाचा गैरवापर. काकी रिक्षानं घरी आली आणि त्या दिवशीची सुरमई एकटीनं खाल्ली. ही गोष्ट ती प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगायची आणि शेवटी म्हणायची, "घोवान सोडल्यान माका. गाडयेन न्हय."

उन्हाळ्यात गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात, तिथे दाजी अंपायर. या क्रिकेटमध्ये कुणाला पायचीत देत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणतं. दाजी देत. नियमाच्या पुस्तकात आहे ते चेंडू बदलल्यामुळे नाहीसं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जावई लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आला, हौसेनं मैदानात उतरला आणि पहिल्याच चेंडूवर दाजींनी बोट वर केलं. गोलंदाजानं अपील केलं नव्हतं. गोलंदाजच जावयाची बाजू घेऊन भांडायला लागला. रात्रीच्या जेवणाला जावयासमोर कोंबडी आणि वडे होते, दाजी स्वतः वाढत होते आणि वाढता वाढता त्याला पाय कुठे पडला होता ते समजावत होते. जावई पुढची दोन वर्षं गणपतीला आला नाही. दाजी म्हणत, त्याला नोकरीत रजा मिळत नाही.

अशा माणसाच्या हातात आमची ऑनलाइन लीग आपसूकच गेली.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात बॅट नाही, बॉल नाही, घामही नाही. प्रत्येकाला एक क्लब मिळतो. खोट्या नावांचे खेळाडू मिळतात, त्यांना सराव द्यायचा, लिलावात नवे घ्यायचे, फलंदाजीचा क्रम आणि क्षेत्ररचना लावायची. मग संध्याकाळी सात वाजता सामना आपोआप होतो आणि पडद्यावर एकेक ओळ उमटते: चेंडू टाकला, चौकार गेला, झेल सुटला. मैत्रीचा सामना मात्र केव्हाही लावता येतो. मालक फार दिवस फिरकला नाही तर सराव थांबतो, खेळाडू गंजतात आणि शेवटी क्लब पुसला जातो. आणि नियमांच्या पानावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात: एका माणसाचं एकच खातं.

हा नियम दाजींना इतका आवडला होता की त्यांनी तो काकीकडून पाठ म्हणून घेतला होता. काकी खेळत नव्हती.

लीग सुरू झाली टाळेबंदीत. मुंबईकर मंडळी गावच्या घरी येऊन अडकली होती. आंबे खाऊन झाले, भांडणं करून झाली, मग कुणीतरी हा खेळ आणला. लीगमध्ये मी होतो, बेकरीवाला इनास होता, त्याची बायको पित्रीन होती, दाजी होते आणि वाडीतल्या आणखी काही घरांचे एकेक क्लब होते. त्यात शेजारच्या घरातला गुंडूही होता. गुंडू आणि दाजी यांच्यात एक फणस होता. झाडाचं खोड दाजींच्या हद्दीत आणि फळं धरणाऱ्या फांद्या गुंडूच्या, एवढं सांगितलं की कोकणातल्या माणसाला पुढची वीस वर्षं कळतात.

मग मुंबई उघडली आणि मंडळी परत गेली. जाताना नेहमीप्रमाणे घरांच्या किल्ल्या दाजींकडे आल्या. आमच्याकडे ही जुनीच रीत. घर बंद असलं तरी तिन्हीसांजेला कुणीतरी दार उघडायचं, देवापुढे दिवा लावायचा, एखादी खिडकी उघडून वारा आत घ्यायचा. शेजारी हे करतो. भांडण असलं तरी करतो, कारण भांडण माणसाशी असतं, घरातल्या देवाशी नसतं. गुंडूनंही फणसाबद्दल शेवटचं काहीतरी बोलून घेतलं, किल्ली पुढे केली आणि वर म्हणाला, "त्या क्रिकेटाकडे पण बघा जरा. पासवर्ड लिवन दितंय." मागोमाग खालच्या घरातल्या मंजूनं आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या थोरल्या भावानंही तेच केलं.

दाजींनी तिन्ही पासवर्ड घेतले. यात काही वावगं आहे हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. बंद घर, बंद क्लब. तिथे दिवा लावायचा, इथे सराव. एका माणसाचं एकच खातं हे तर खरंच होतं. त्यांचं एकच होतं. बाकीची गुंडूची, मंजूची आणि कोपऱ्यावरच्यांची.

पण परक्याचं सांभाळायचं तर नियमानं. स्वतःच्या पडवीत बसून दुसऱ्याच्या संघाचं भलं मनात येणार नाही, असं दाजींचं मत होतं. म्हणून स्वतःचा संघ ते स्वतःच्या पडवीत लावत. मग सदऱ्यासकट उठून मंजूच्या घरी जात, दार उघडत, दिवा लावत, तिच्या पायरीवर बसत आणि तिचा संघ लावत. मग कोपऱ्यावरचं घर. शेवटी गुंडूचं. गुंडूच्या पायरीवर बसताना ते स्वतःच्या घराकडे पाठ करत. आणि एका पायरीवर समजलेलं दुसऱ्या पायरीवर त्यांना ठाऊक नसे. मी एकदा त्यांना मंजूच्या पायरीवर गाठून विचारलं की उद्या तुमची सलामी कोण करणार? दाजी माझ्याकडे संशयानं बघत म्हणाले, "माका काय म्हायत? दाजीक जावन इचार."

याचा कळस लिलावात झाला. इनासनं आपला एक वेगवान गोलंदाज विकायला काढला होता. दाजींना तो हवा होता. त्यांनी पडवीतून बोली लावली. मग दिवाबत्तीला गुंडूच्या घरी गेले, पायरीवर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की गुंडूच्या संघाला वेगवान गोलंदाज नाहीच. गुंडू इथे असता तर त्यानं हा सोडला असता का? नसता. त्यांनी गुंडूच्या वतीनं बोली वाढवली. घरी येऊन बघतात तर कुणीतरी आपल्यावर चढलेलं. "वाढवल्यान मेल्यान," असं म्हणून त्यांनी पुन्हा वाढवली आणि पुन्हा गुंडूच्या घरी निघाले.

काकी खळ्यात, म्हणजे अंगणात, सुकत घातलेली कोकमाची सोलं राखत बसली होती. पाचवी-सहावी खेप झाल्यावर तिनं विचारलं, "आता खंय?"

"गुंडूक इचारूक. तेका वाढवूचो आसा काय."

"गुंडू भांडुपाक आसा."

"म्हणानच मी जातंय."

"आणि तेना वाढवल्यान तर?"

"तर मी हय येवन वाढवतलंय. असो कसो सोडीन?"

काकीनं हातातली काठी खाली ठेवली आणि कावळ्यांना सोलं खाऊ दिली. शेवटी दाजींच्या क्लबचे पैसे संपले आणि गोलंदाज गुंडूला मिळाला. आपल्या गोलंदाजाला एवढी किंमत का आली, हे इनासला अनेक दिवस कळलं नाही. आपण क्रिकेटमध्ये काहीतरी मोठं ओळखून आहोत, असा त्याचा समज झाला. तो पुढे बराच काळ टिकला.

पुढच्याच आठवड्यात त्या गोलंदाजानं गुंडूच्या संघातर्फे दाजींच्या संघाची दाणादाण उडवली. दोन्ही संघ दाजींनीच लावलेले. मुंबईहून गुंडूचा घरपट्टीच्या पावतीबद्दल फोन आला तेव्हा दाजींनी तो घेतला नाही. काकीनं घेतला आणि सांगितलं, "ते तुझ्याशी बोलणत नाय. तू तेंका हरवलंस." गुंडूला खेळाची आठवणसुद्धा राहिली नव्हती. पण आपण दाजीला कशाततरी हरवलं, एवढं ऐकून त्याला फार बरं वाटलं. तेव्हापासून त्यानं ऑफिसातल्या लोकांना गावाकडच्या आपल्या क्लबच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

इतकं होऊनही त्या मोसमात दाजींचा स्वतःचा संघ पहिल्या नंबरवर होता. लीग सुरू झाल्यापासून त्यांनी एकही चषक जिंकला नव्हता. पायचीत देणाऱ्या माणसाला आयुष्यात चषक द्यायची वेळ वारंवार येते, घ्यायची येत नाही. आता मोजकेच सामने उरले होते आणि मागे इनास होता, त्याच्या मागे पित्रीन. दाजींनी पडवीतल्या फळीवरचा रेडिओ हलवून तिथे जागा केली. चषक फक्त पडद्यावर मिळतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी रेडिओ परत ठेवला नाही.

आणि अशा वेळी त्यांना इनासचा संशय आला. इनास आणि पित्रीन दोघांचेही संघ बेकरीच्या एकाच वायफायवरून लागत, पावाची भट्टी उतरली की एकाच वेळेला. दाजींना वाटलं, पित्रीन नावालाच आहे, दोन्ही खाती इनासच चालवतो. काकी म्हणाली, वर तुम्हीच आहात, तर आता कशाला खाजवायचं? तेवढ्यासाठीच खाजवायचं, असं दाजींचं उत्तर. वर असलेल्या माणसानं तक्रार केली तरच ती निःस्वार्थ. त्यांनी शुद्ध मराठीत तक्रार सांगितली आणि मी ती इंग्रजीत करून खेळाच्या परदेशातल्या कार्यालयाला पाठवली. आमच्या लीगमध्ये एका व्यक्तीकडून एकाहून अधिक खाती वापरली जात असल्याचा दाट संशय असून, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता सखोल चौकशी व्हावी.

त्यांनी मुलाहिजा ठेवला नाही.

उत्तर आलं ते मीच त्यांना वाचून दाखवलं. तक्रारीबद्दल आभार मानले होते. बेकरीची दोन खाती दोन वेगळ्या माणसांची असल्याची कार्यालयाची खात्री पटली होती, कारण ती एकमेकांना मदत करण्याऐवजी सतत खड्ड्यात घालत होती. ही बातमी पित्रीनला कळली तेव्हा ती म्हणाली की त्यासाठी परदेशात विचारायची काय गरज होती. "ह्याच्या डोक्यान खेळलंय तर मी हरतलंय," असं तिनं इनाससमोरच सांगितलं. मात्र, पत्रात पुढे म्हटलं होतं, तक्रारदाराच्या स्वतःच्या फोनवरून चार खाती चालत असल्याचं दिसतं. त्यातल्या दोन खात्यांनी एका गोलंदाजासाठी एकमेकांवर वेड्यासारख्या बोल्या लावल्या होत्या आणि त्याचे सगळे पैसे तिसऱ्याच माणसाला गेले होते. कार्यालयाला एकच गोष्ट उलगडत नव्हती. या फसवणुकीत फायदा कुणाचा होत होता?

दाजींनी बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाले, "चार खंयची? माझा एक आसा."

खुलासा मागितला होता, तो द्यायला बसलो. इतर तीन मालक तुमच्या कुटुंबातले आहेत का, असा प्रश्न होता. दाजींनी सांगितलं आणि एकही शब्द बदलू दिला नाही: "नाहीत. सदर व्यक्ती मुंबईस असतात. मात्र त्यांची घरे माझ्या ताब्यात आहेत." गुन्हा सिद्ध करायला यापेक्षा चांगलं वाक्य कुठल्याही सरकारी वकिलाला सुचलं नसतं. मी पायऱ्यांचं आणि दिव्याचं लिहू का, असं सुचवलं. ते म्हणाले, दिव्याचं लिहा. मी लिहिलं. त्या कार्यालयातल्या कुणाच्या आयुष्यात बंद घरं आणि शेजारी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असतील असं मला वाटत नाही. पण उत्तर सभ्य होतं. तुमचा हेतू वाईट दिसत नाही. तरी नियम तो नियम. रविवारपर्यंत चारपैकी एक खातं निवडा, बाकीची बंद करा. नाहीतर चारही पुसली जातील.

निकाल दाजींना पटला. मुख्य म्हणजे भाषा आवडली. अडचण पुढची होती, आणि ती आमच्यापैकी कुणाला अडचण वाटतच नव्हती. बेकरीच्या बाकावर बसलो असताना इनास म्हणाला, यात विचार काय करायचा, तुमचाच ठेवा. इनासचं हे बोलणं मोठेपणाचं होतं. दाजींचा क्लब गेला असता तर चषक त्याचाच होता.

दाजींनी चहाची बशी खाली ठेवली. "निवाडो माझ्या हातात, आणि मी माझोच ठेवलंय. मगे अंपायर आणि चोर, ह्यांच्यात फरक तो काय रवलो, इनास?"

"तुमी वर आसास, दाजीनू. पयल्या नंबराक."

"वर मी आसंय. तेंचे मालक हय नाय. घरात कोण नाय म्हणान तेंचा मोडून टाकू?"

काकीनं सुचवलं, देवळात कौल लावा. दाजींनी यावर खरोखर विचार केला. देवाच्या निःपक्षपातीपणाबद्दल त्यांना शंका नव्हती. पण गुरव त्यांचा आतेभाऊ होता. मुंबईकरांना फोन करून विचारावं म्हणून मी मंजूला फोन लावला. तिला आधी वाटलं घरात चोरी झाली. क्रिकेटचं आहे कळल्यावर, "बंद कर रे ता," म्हणून तिनं फोन ठेवला. दाजींनी हे बोलणं ग्राह्य धरलं नाही. माणूस मुंबईच्या गडबडीत असं बोलतो. गावी आल्यावर त्याला वाईट वाटतं.

शेवटी त्यांनी स्टँडवरच्या आवाजात जाहीर केलं: रविवारी सकाळी चार संघांचे आपापसांत मैत्रीचे सामने होतील, जो जिंकेल तो राहील. काकी उठून आत गेली आणि तिनं भांडी घासायला घेतली. भांडी आधीच स्वच्छ होती.

रविवारी आम्ही सगळे दाजींच्या खळ्यात जमलो. दाजी प्रत्येक पायरीवर जाऊन, बसून, संघ लावून आले. उपांत्य सामन्यात त्यांच्या संघानं मंजूला हरवलं, गुंडूच्या संघानं कोपऱ्यावरच्यांना. अंतिम सामना दाजी विरुद्ध गुंडू. काकी त्यांच्या मागे गुंडूच्या घरापर्यंत गेली आणि हळू आवाजात म्हणाली की निदान त्या गोलंदाजाला बाहेर बसवा, कुणाला कळणार नाही. दाजी गुंडूच्या पायरीवर बसून तिला म्हणाले, "तू दाजीच्या घरची. हय येव नको."

गोलंदाज खेळला. इनास एकेक ओळ वाचून दाखवत होता आणि त्याचा आवाज बारीक होत चालला होता. स्वतःच विकलेल्या गोलंदाजाचं कौतुक वाचताना माणसाला आनंद व्हायला हवा. दाजींचा संघ थोडक्यात हरला. शेवटची जोडी टिकली असती तर जमलं असतं. पण एक चोरटी धाव घ्यायला गेले आणि धावचीत झाले.

दाजींनी पाणी मागून घेतलं, प्यायले आणि स्वतःच्या पडवीत जाऊन बसले. मंजूचा आणि कोपऱ्यावरचा क्लब बंद केला. मग स्वतःचा काढला. फोननं विचारलं, नक्की का? त्यांनी होय दाबलं. फोननं पुन्हा विचारलं. "अंपायराक दोनदा इचारतत काय?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा दाबलं. इनास उठून निघाला. वाटेत मला म्हणाला, असा न्याय काय मेला कामाचा. चषक त्यालाच मिळाला. त्यानं त्या दिवशी कुणाला खारी वाटली नाही.

त्यानंतर दाजींकडे एकच संघ राहिला आणि तो गुंडूचा. रोज संध्याकाळी त्याच्या पायरीवर बसून त्यांनी तो असा सांभाळला की नव्या मोसमात गुंडू दुसऱ्या नंबरवर गेला.

मे महिन्यात गुंडू गावी आला. दाजींनी किल्ली आणि पासवर्ड दोन्ही त्याच्या हातात दिले. मालक घरात आला म्हणजे दिवा त्यानं लावायचा. दाजींचा क्लब कसा गेला हे गुंडूला कुणी सांगितलं नव्हतं. इनास एकदा तोंड उघडणार होता, पण दाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं त्याऐवजी फणसाबद्दल काहीतरी विचारलं, आणि ते जास्तच वाईट झालं.

गुंडू रोज खळ्यात खुर्ची टाकून क्रिकेटबद्दल बोले. दाजींना समोर बसवून त्यानं सांगितलं, "खरा सांगू, दाजीनू? क्लब सांबाळूक माणूस कडक व्हयो. तुमचो सभाव मऊ. म्हणान तुमचो बुडालो." काकी तेव्हा आतून काहीतरी घेऊन येत होती, ती तशीच परत फिरली. दाजी शुद्ध मराठीत म्हणाले, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे."

पुढे पावसाळ्याच्या तोंडाला मुलगी त्यांना आणि काकीला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला घेऊन गेली, आणि ती दोघं तिथलीच झाली. त्यामुळे दाजींची माझ्याजवळची शेवटची आठवण त्या मे महिन्यातलीच आहे.

गुंडूचा सामना इनासशी होता आणि संघ गुंडूनं स्वतः लावला होता. अकराव्या नंबरच्या माणसाला त्यानं सलामीला पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाला, त्याचं नाव चांगलं आहे. आम्ही सगळे त्याच्या खळ्यात बसलो होतो. दाजी कडेला, हात मांडीवर. इतके महिने एकेक खेळाडू जपून वाढवलेला. आणि आता ते फक्त बघत होते. काकीनं दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हळूच सुचवलं, आता तरी त्याला काही सांगा. "मालक घरात आसा," ते म्हणाले.

आणि तो अकराव्या नंबरचा माणूस खेळला. का खेळला ते त्या परदेशी कॉम्प्युटरलाच ठाऊक. गुंडू जिंकला, खुर्चीवरून उठला आणि आपण आधीच सांगितलं होतं असं सगळ्यांना सांगत सुटला. त्या गोंधळात टाळ्या ऐकू आल्या. बघतो तर दाजी. अंपायर म्हणून आयुष्यभर त्यांनी कुणासाठी टाळी वाजवलेली मी पाहिली नव्हती. गुंडूकडे बघत, अगदी मनापासून, वाजवत होते.

मग एकदम थांबले. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं. ते उठले, खळ्याच्या दुसऱ्या टोकाला तोंड पाडून बसलेल्या इनाससमोर जाऊन उभे राहिले आणि त्याच्याकडे बघून टाळ्या वाजवू लागले, तितक्याच जोरात.

"दाजीनू," इनास म्हणाला, "मी हारलंय."

"म्हायत आसा," दाजी म्हणाले आणि हिशेब पुरा होईपर्यंत वाजवत राहिले.